शून्यावर न येणारा काटा

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे माझ्या धंद्यालाही मरण नाही. बीपीची मशिनं, सक्शन, ईसीजी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, जे बंद पडेल ते माझ्या टेबलावर येतं. डॉक्टर असोत की शेजारी, हल्ली एक प्रश्न हटकून येतो: "ते जुनं पाऱ्याचंच बीपी मशीन बरं होतं ना हो?"

दुरुस्तीवाल्याला विचाराल तर होतं. बिघडायला त्यात होतं काय? काचेची नळी, पारा, कफ आणि फुगा. १८९६ मध्ये रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरने दंडाला कफ बांधून दाब मोजला, १९०५ मध्ये कोरोटकॉव्ह या रशियन सर्जनने स्टेथोने आवाज ऐकायची रीत काढली, आणि पुढची शंभर वर्षं मूळ काम तेच राहिलं. मुख्य म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसायचा. कफ मोकळा असताना पारा शून्याच्या रेषेखाली, म्हणजे पारा कमी झालाय. नळी आतून काळवंडलीय, म्हणजे पारा साफ करायला हवा. फुगा दाबला तरी पारा रेंगाळत चढतोय, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाची चामड्याची चकती कोंदलीय. याला इंजिनिअर लागत नाही. जुन्या सिस्टर फोनवरच सांगायच्या, "दादा, येताना चकती घेऊन या."

पण नळी फुटली की पंचाईत. पारा फरशीच्या फटींत शिरतो. मावशी सवयीने झाडू घेऊन धावतात, आणि झाडूने त्याचे आणखी बारीक थेंब होऊन खोलीभर वाफ होते, ती दिसतही नाही. जपानमधल्या मिनामाटाला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला आणि पिढ्या बरबाद झाल्या. त्याच गावाच्या नावाचा करार २०१३ मध्ये झाला आणि पाऱ्याची थर्मामीटरं, बीपी मशिनं बनवणं थांबवायला २०२० ही मुदत ठरली. पारा गेला याचं मला दुःख नाही.

त्याच्या जागी डिजिटल आलं. बटण दाबा, आकडा घ्या. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांनाही घरी जमतं, ही लहान गोष्ट नाही. पण ते स्टेथोसारखं आवाज ऐकत नाही. कफमधल्या हवेला नाडीचे जे हेलकावे बसतात ते मोजतं. ते सगळ्यात मोठे जिथे होतात तो साधारण मधला दाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून गणिताने काढलेला असतो, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं आपलं, गुपित. मी कॅलिब्रेशन करतो म्हणजे काय करतो? कफच्या नळीला टी आकाराचा जोड लावून त्यावर माझा मीटर लावतो आणि दोन्हीकडचा दाब जुळतो का बघतो. जुळला की स्टिकर. त्या स्टिकरचा अर्थ सेन्सर ठीक आहे एवढाच. गणित तपासायचं साधन माझ्याकडे नाही. नाडी अनियमित असेल तर ते गणित गडबडतं, म्हणून अशा पेशंटचं बीपी दोन-तीनदा घेऊन सरासरी काढतात. जाड दंडाला लहान कफ बांधला तर आकडा जास्त येतो. मशीन दरवेळी कुरकुर करेलच असं नाही. चुकीचा आकडाही तेवढाच टापटीप दिसतो.

याचं भयंकर टोक म्हणजे थेराक-२५, कॅनडात बनलेलं कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन. आधीच्या थेराक-२० मध्ये चुकीचा किरण सुटू नये म्हणून हार्डवेअरचे स्वतंत्र अडथळे होते. नव्यात ते काढून भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात सहा पेशंटना अफाट डोस गेला, काही दगावले. ऑपरेटरने एक अक्षर चुकून टाइप करून झटपट दुरुस्त केलं तरी आत घोळ व्हायचा, आणि पडद्यावर यायचं 'मालफंक्शन ५४'. कोणाला काय कळणार त्यातून? पुढे उघडकीला आलं की तीच चूक थेराक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तिथे हार्डवेअरच्या अडथळ्यांमुळे फक्त फ्यूज उडत होते.

म्हणून मशीन 'चांगलं आहे का' यापेक्षा ते बिघडल्यावर कसं वागतं हे मी आधी बघतो. काट्याच्या डायल बीपी मशीनचंच घ्या. पडलं, आपटलं की काटा सरकतो. काही मशिनांत शून्यापाशी एक बारीकशी पिन असते. काटा खाली गेला तरी तिला टेकून शून्यावरच थांबतो, आणि मशीन ठणठणीत वाटतं. पिन नसलेल्यात काटा सरळ शून्याच्या खाली जाऊन बसतो आणि सिस्टर ते मशीन बाजूला ठेवते. मी दवाखान्यांना हेच घ्यायला सांगतो, पण ऑर्डरच्या कागदावर 'डायल बीपी, नग अमुक' याच्यापुढे कोणी लिहीत नाही. परवा एका स्टोअरकीपरकडे आग्रहच धरला, की 'शून्याला पिन नको' एवढं घाला.

"पिन नाही म्हणजे माल डिफेक्टिव्ह तर नाही ना?" त्याने विचारलं. आणि डिलरला फोन लावून खात्री करून घेतली.