कानाची नस परत उगवते का? आधी बेराचा कागद बघा

सांगली-मिरजेत कान दाखवायला येणारे अनेकजण हल्ली थेट विचारतात, "स्टेम सेलनं (मूळपेशींनी) नस परत येते म्हणे?" उत्तर द्यायचं तर आधी बिघाड कुठं आहे ते कळायला हवं.

एका कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी साधारण १५ हजार आणि त्यांचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी ३० हजारांच्या आसपास. ओएई ही तपासणी बाहेरच्या रांगांतल्या केशपेशींची, तर बेरा (आवाज ऐकवून नस आणि मेंदूकडून येणाऱ्या विद्युत लहरी मोजणारी तपासणी) नसेची. ओएई चांगली आणि बेरा सपाट (लहरीच नाहीत), म्हणजे संशय नसेवर. मात्र ओएई कालांतराने मावळू शकते. म्हणून बेरा करताना 'क्लिक' आवाजाच्या दोन्ही पोलॅरिटी (उलट-सुलट दिशा) वेगवेगळ्या काढून कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे केशपेशींकडून येणारा विद्युत संदेश, दिसतो का, हे बघायला सांगा. नुसत्या ऑडिओग्रामवरून (किती ऐकू येतं त्याच्या आलेखावरून) केशपेशी आणि नस यांतला हा फरक कळत नाही.

आता संशोधन. शेफील्ड विद्यापीठातल्या रिव्होल्टा यांच्या गटाने २०१२ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूळपेशींना एफजीएफ-३ आणि एफजीएफ-१० ही वाढीची प्रथिनं देऊन कानाच्या पूर्वपेशी बनवल्या. जर्बिल उंदरांच्या कानात औबेन हे विषारी द्रव्य टाकून फक्त चेतापेशी मारल्या, केशपेशी राखल्या आणि तिथे या पेशी सोडल्या. दहा आठवड्यांत ऐकण्याच्या पातळीत सरासरी ४६ टक्के सुधारणा दिसली. सरासरीच हं! काही उंदरांना जवळपास काहीच फायदा झाला नाही.

अडतं कुठं? पेशी जगल्या तरी त्यांचे धागे योग्य जागी पोचायला हवेत. शंखिकेच्या (आतल्या कानातल्या गोगलगाईसारख्या नळीच्या) तळाशी उंच स्वर, टोकाशी खर्ज. मिरजेच्या कारागिरानं खर्जाची तार भलत्याच खुंटीला बांधली तर तंबोऱ्याचं जे होईल, तेच इथं. शिवाय एखादी कच्ची मूळपेशी उरली तर गाठ होण्याची भीती आणि परक्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. केशपेशीच मेलेल्या असतील तर नुसती नवी नस घालून ऐकू येत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक रक्तविकार वगळता स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कुणी पॅकेजचा दर सांगितला तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे घेत नाहीत.

आणि जन्मानंतर काविळीमुळे रक्त बदलावं लागलेलं बाळ घरात असेल, तर "ओएई पास" एवढ्यावर थांबू नका; अशा काविळीत केशपेशी शाबूत राहून नस बिघडू शकते. तीन महिन्यांच्या आत बेरा करून घ्या.