एकच ‘टक्’ आणि गाडी सेल्फ घेत नाही: माझा अनुभव

रत्नागिरीत किंवा किनाऱ्यालगत कुठेही ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते, त्यांनी हे जरूर वाचा. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. पाऊस ओसरत आला होता. सकाळी चावी फिरवली, बॉनेटखालून एकदा ‘टक्’ झालं आणि पुढे काहीच नाही. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत.

बॅटरी उतरली की सहसा टकटकटकटक असं भराभर वाजतं आणि दिवे मिणमिणतात. म्हणून हेडलाइट लावून सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारून बघायचा. उजेड एकदम मंदावला तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर. उजेड तसाच राहिला तर एकतर सेल्फ आतून गेलाय, नाहीतर त्याला हवा तेवढा करंट मिळत नाहीये. माझ्या गाडीचा उजेड जराही हलला नाही. शेजारच्या दादांनी धक्का दिला, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी चालू! (ऑटोमॅटिकला हे जमत नाही, प्रयत्नही करू नका.)

तशीच गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि तिथे अडकलो.

ॲडव्हायझरने बॉनेट उघडायच्या आधीच ‘बॅटरी गेली’ म्हणून सांगितलं. मी हेडलाइटचं सांगत होतो, तो जॉबकार्डवर ‘बॅटरी वीक’ लिहीत होता. नवी बॅटरी बसली, जुनी बायबॅकमध्ये (जुनी देऊन नवीच्या किमतीत सूट) तिथल्या तिथे आत गेली. चावी फिरवली, तर तसंच एक ‘टक्’. मग म्हणे, ‘स्टार्टर मोटरच असणार साहेब, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’ 11,000 रुपयांच्या घरातलं एस्टिमेट, पार्ट कोल्हापूरहून येणार, तोवर गाडी इथेच ठेवा. मी विचारलं, मोटर खाली काढून बॅटरीवर फिरवून बघितलीत का? नाही. मीटर लावला? ‘स्कॅनर लावलाय, कोड काही नाही.’ अहो, स्कॅनर वाचतो गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, जाड केबलच्या टोकाला चढलेला गंज त्याला कसा दिसणार? टेक्निशियनशी बोलू द्या म्हटलं, तर तो जेवायला गेलेला. जेवून आला, तर दुसऱ्या गाडीखाली. शेवटी उत्तर मिळालं की मोबाइलवर आलेल्या लिंकवर ‘अप्रूव्ह’ दाबल्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही. म्हणजे बिघाड काय आहे ते कळायच्या आधी मी अकरा हजारांना हो म्हणायचं! मी ते दाबलं नाही. बॅटरीचे पैसे भरले, गेटपास मागितला, वॉशिंगच्या पोरांनी धक्का दिला आणि बाहेर पडलो. हे लिहितानाही चीड येते.

एमआयडीसीत एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत. त्यांनी आवाज ऐकला, जंपर केबलची काळी वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला लावला. ‘मारा सेल्फ.’ पहिल्या झटक्यात गाडी चालू!

कारण असं: सेल्फ फिरताना 100 अँपिअरच्या वर करंट घेतो आणि तो इंजिनच्या धातूतून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे परत जातो. दिव्यांचं अर्थिंग थेट बॉडीला आणि त्यांना करंट लागतो थोडका, म्हणून ते झकास पेटतात. इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सपासून चासीपर्यंतची (गाडीच्या सांगाड्यापर्यंतची) ती विणलेली तांब्याची पट्टी काकांनी काढून माझ्या हातात दिली. वरून धड दिसत होती. बोल्टखालचा लग (पट्टीच्या टोकाची धातूची चकती) उलटा केला तर हिरवी भुकटी, आणि जरा वाकवताच तारा मोडून हातात आल्या. खारा वारा. नवी पट्टी, खालची जागा पॉलिशपेपरने घासून चकचकीत, वर व्हॅसलीन. मजुरी धरून 400 रुपयांच्या आत. पट्टी काढण्याआधी त्यांनी मीटरही दाखवला होता: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला, आणि सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. माझा सहाच्या वर होता.

हो, एक राहिलं. नव्या बॅटरीवर गाडी सुरू झाल्याशिवाय जुनी हातची सोडू नका. आणि ती बदलायच्या आधी रात्रभर उभ्या गाडीवर व्होल्टेज बघा: 12.6 च्या आसपास असेल तर ती चार्ज आहे. सेल्फ मारताना ते 9.6 च्या खाली आलं, तर मात्र बॅटरी खरंच थकलीय. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. काळी वायर आधी काढायची, लावताना शेवटी. टर्मिनल आपण सगळेच बघतो. खालची पट्टी कोणी बघत नाही, ती दर पावसाळ्यानंतर बघून घ्या.

सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘स्टार्टर बदलण्याची शिफारस, ग्राहकाचा नकार’ असं लिहून ठेवलंय. उद्या गाडी विकायला काढली तर सर्व्हिस हिस्टरीत ते दिसणार. काकांचं बिल जोडून ती नोंद दुरुस्त करायला मेल केलाय. अजून उत्तर नाही, पण मी सोडणार नाही.