खो-खोच्या मुली, फुटबॉलचा पास

दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. माझा खेळ खो-खो. गेल्या वर्षी शाळेने मुलींचा १७ वर्षांखालचा संघ सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत उतरवायचं ठरवलं आणि तयारी माझ्याकडे आली. मुली बहुतेक खो-खो आणि कबड्डीतल्याच. पळायला एकीहून एक सरस, पण फुटबॉल कधी नीट खेळलेल्या नव्हत्या.

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी आणि जिल्हा स्पर्धा लगेच तोंडावर येते. म्हणजे सराव करायचा तो मे महिन्यातच. पारा ४५ च्या घरात, त्यामुळे पहाटे साडेपाचला मैदानावर हजर आणि आठच्या आत घरी. मदतीला आमच्या वस्तीतले एक सर आले, रेल्वेच्या मोतीबाग मैदानावर उमेदीची वर्षं खेळलेले. पहिल्याच दिवशी मी मुलींना गरम व्हायला दोन चकरा मारायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, गरम तं या पोरी इथं उभ्या उभ्याच होऊन राहिल्या. वॉर्मअप गुडघ्यांसाठी असते."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वॉर्मअप शिकवला. साधारण २० मिनिटांचा, तीन टप्प्यांचा, एकूण १५ व्यायाम. आधी हळू धावणं, मध्ये ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाने धावून अचानक दिशा बदलणं. साहित्य काही लागत नाही, चेंडू आणि कोन, म्हणजे खुणेचे प्लास्टिकचे शंकू, पुरतात. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर याचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्मअप नियमित करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. या वयाच्या मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, हे कळल्यावर तर ती २० मिनिटं मी एकदाही कापली नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ मी उड्यांना दिला. मुलगी उडी मारून खाली येते तेव्हा समोर उकिडवं बसून फक्त तिचे गुडघे पाहायचे. आमच्या गोलकीपरचा उजवा गुडघा दर वेळी आत झुकायचा. "गुडघा पंजाच्या वर ठेव, आवाज न करता उतर," एवढंच रोज सांगत राहिले. जून लागेपर्यंत तिचे दोन्ही पाय मातीवर मऊ टेकायला लागले. एका पायावर तोल धरून जोडीदाराकडे चेंडू फेकायचा एक व्यायाम यातच आहे. तो संपला की चेंडू हातातून खाली पायाशी यायचा आणि पासचा सराव तिथूनच सुरू व्हायचा, मध्ये पाणी पिण्यापुरतं थांबून.

पास देताना सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्या पायावर असतं. सर मात्र टेकलेला पाय पाहायचे. तो पाय चेंडूच्या शेजारी, पंजा जिकडे पास द्यायचा तिकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, बोटं किंचित वर, पावलाची आतली बाजू चेंडूच्या बरोबर मध्यावर. जोड्या पाच-सहा मीटरवर उभ्या करायच्या, एका टचने थांबवायचं आणि दुसऱ्याने द्यायचं. दिसायला कंटाळवाणं काम आहे, पण हे पक्कं नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

खरी मेहनत पास घेण्यात आहे, असं माझं ठाम मत झालंय. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहायचं, अंग थोडं तिरकं ठेवायचं आणि लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा, म्हणजे पहिल्या टचलाच पुढचं मैदान समोर येतं. यासाठी मी मुलीच्या मागे दोन रंगांचे कोन घेऊन उभी राहायचे. पास तिच्या पायाशी पोचायच्या आत मी वर केलेल्या कोनाचा रंग तिने ओरडून सांगायचा. सुरुवातीला रंग सांगितला की चेंडू निसटायचा, चेंडू धरला की रंग राहायचा. मग हळूहळू दोन्ही जमायला लागलं.

आणि बोलणं! खो-खोत तोंडाने 'खो' म्हणताना गळा फाडणाऱ्या या पोरी चेंडू मागताना गप्प. रस्त्यावरून लोक पाहतात, लाज वाटते, म्हणाल्या. मग आठ मीटरच्या चौकोनात रॉन्डो घेतला. बाहेर चौघी, मध्ये एक चेंडू हिसकावणारी. नियम एकच, आवाज न देता पास घेतला की मध्ये जायचं. "मागे आहे", "वळ", "एकटी आहेस", एवढ्या तीन हाकांवर काम चालतं. पाऊस सुरू झाला आणि काळी माती बुटांना ढेकळांसारखी चिकटायला लागली, तेव्हा जमिनीवरचा पास निम्म्यात अडकायचा. मग चौकोन लहान केला, पास जोरात द्यायला लावला आणि पास देऊन थांबणाऱ्या मुलीला पुढे धावायला लावलं.

जिल्हा फेरीचा पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. दुसऱ्या सामन्यातल्या मुली वर्षानुवर्षं फुटबॉलच खेळलेल्या होत्या. पण त्यांच्याविरुद्धही आमची डावखुरी मिडफिल्डर दर पासच्या आधी मान वळवून पाहत होती, आणि संपूर्ण स्पर्धेत आमच्या एकाही मुलीचा गुडघा दुखावला नाही. माझ्या दृष्टीने हे दोन्ही निकालच आहेत.

यंदा सहावी-सातवीच्या मुलींनाही घेतलंय. त्यांच्यासाठी चार नंबरचा, म्हणजे थोडा लहान चेंडू आणि ७ ते १३ वयासाठी केलेला 'इलेव्हन प्लस किड्स'. रॉन्डो त्यांना इतका आवडतो की पाणी प्यायला बोलावलं तरी येत नाहीत.