वाऱ्याचा हिशेब

आमच्या कार्डावर ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ असं छापलेलं असलं, तरी बिल्डरच्या तोंडी आम्ही कायमचे ‘आरसीसीवाले’. नकाशा आर्किटेक्टचा, पैसा बिल्डरचा आणि पार्किंगमध्ये कॉलम आडवा आला की बोलणी आरसीसीवाल्याला. फर्म सुरू झाली तेव्हाही हे असंच होतं. इमारती मात्र उंच होत गेल्या आणि त्यांच्याबरोबर आमचं काम पार वेगळंच होऊन बसलं.

सुरुवात दोघा भागीदारांनी केली, ड्रॉइंग बोर्ड आणि कॅल्क्युलेटरवर. तीन-चार मजली इमारती, एखादं गोदाम, पाण्याची टाकी. अशा कामात भार खाली आणायचा एवढीच विद्या लागते. स्लॅबचा बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायात. वारा आणि भूकंप शेवटी तपासणीपुरते. ऑफिसचं भाडं निघावं म्हणून आम्ही मोठ्या फर्मसाठी सळयांची बार बेंडिंग शेड्यूलंही, म्हणजे कोणती सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचे तक्ते, करून द्यायचो. कंटाळवाणं काम, पण दुसऱ्याचं ड्रॉइंग शेवटच्या सळईपर्यंत वाचायची सवय तिथेच लागली. आजही आमच्याकडे नवा इंजिनिअर आला की त्याला आधी हेच देतो. कुरकुर करतो बिचारा.

पंधरा-वीस मजल्यांच्या पुढे गेलो आणि वजनाचा हिशेब मागे पडला. वारा सगळ्या उंचीवर सारखा लागतो असं धरलं आणि इमारतीचा आडवा छेद तोच ठेवला, तर उंची दुप्पट झाल्यावर पायाशी येणारा मोमेंट (वाकवणारा जोर) चौपट होतो आणि माथ्याचं झुकणं सोळापट. त्यात वर जाऊ तसा वाऱ्याचा वेगही वाढतो. म्हणजे इमारत मोडणार नाही हे सिद्ध करणं त्या मानाने सोपं. ती हलणार किती, हा खरा प्रश्न. माथा उंचीच्या साधारण पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये, असा आमच्या धंद्यातला ढोबळ दंडक आहे. २०० मीटरच्या टॉवरला ४० सेंटिमीटर. घर घेणाऱ्याला हा आकडा कुणी सांगत नाही, सांगूही नये.

फाझलुर खान यांचं काम आम्ही पोथीसारखं वाचलं ते याच काळात. ढाक्यात जन्मलेला आणि शिकागोत काम करणारा हा इंजिनिअर. उंचीसाठी जास्तीचं पोलाद मोजावं लागतं, ती किंमत कमी करायची तर ताकद इमारतीच्या बाहेरच्या कडेला न्या, हे त्यांनी दाखवून दिलं. १९३१च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं. खान यांच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरला, १९६९ साली, सुमारे १४५ किलो पुरलं. दर्शनी भागावरचे ते प्रचंड तिरपे ब्रेस शोभेसाठी नाहीत.

आमचे टॉवर काँक्रीटचे आणि बहुतेक निवासी, त्यामुळे ब्रेस खिडकीसमोरून नेले तर गिऱ्हाईक पळेल. आम्ही मधला गाभा धरला, म्हणजे लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या, आडवा जोर घेणाऱ्या जाड भिंती, शिअर वॉल. गाभा एकटा पुरेना तेव्हा आउटरिगर. उभ्याने प्रवास करणारा माणूस धक्का बसला की दोन्हीकडच्या दांड्या पकडतो, तसा गाभा या मजलाभर उंचीच्या भिंतींनी बाहेरचे कॉलम धरून ठेवतो. मजला मात्र त्यात जातो. म्हणून आउटरिगर सर्व्हिस फ्लोअरवर किंवा रेफ्यूज फ्लोअरवर (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला मजला) बसवायचा, आणि मग पाइप व डक्टवाल्यांशी एकेका भोकावरून भांडायचं.

वाऱ्याची दुसरी खोड आम्हाला विंड टनेलने, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून बघायच्या बोगद्याने, शिकवली. साधारण चारशेपट लहान मॉडेल फिरत्या तबकडीवर ठेवतात, भोवतीच्या इमारतींसकट, आणि दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस दिशांनी वारा सोडतात. उंच, सडपातळ इमारत बऱ्याचदा वाऱ्याच्या दिशेपेक्षा त्याला आडवी जास्त हलते. दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या लयीशी जुळली की हलणं वाढतच जातं. उपाय काँक्रीट वाढवण्यात नसतो, आकारात असतो. तैवानच्या तैपेई १०१ टॉवरचे कोपरे पायऱ्यांसारखे कापले, तेवढ्याने पायाशी येणारा वाऱ्याचा मोमेंट सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. बुर्ज खलिफा वर जाताना टप्प्याटप्प्याने आकार बदलते, कारण मग भोवऱ्यांना एक लय सापडत नाही. एका आर्किटेक्टबाईंना आम्ही कोपरे कापायला सांगितले तेव्हा त्या महिनाभर बोलल्या नाहीत. विंड टनेलचा अहवाल आल्यावर मात्र त्यांनीच कोपऱ्यांत बाल्कन्या काढल्या, आणि तेच फ्लॅट आधी विकले गेले.

बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं, पण काँक्रीटचे कॉलम आखूड होतात. भाराने लगेच थोडे, मग क्रीप (सततच्या भाराने हळूहळू दबणं) आणि श्रिंकेजने (सुकताना आकसण्याने) वर्षानुवर्षं. मजल्यामागे दोनेक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण साठ मजल्यांत ते दहा सेंटिमीटरच्या वर जातं. गाभा आणि कॉलम सारखेच आखूड झाले तर फारसं बिघडत नाही. ते होत नाहीत, कारण कॉलमवर ताण जास्त असतो. मग स्लॅब एका बाजूला कलतो, पाइप ताणले जातात, फसाडचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, सांधे दाबले जातात. म्हणून प्रत्येक मजला बांधताना लेव्हल किती वर धरायची याचा तक्ता आम्ही साइटला देतो. सॉफ्टवेअर मात्र आपसूक असं धरतं की अख्खी इमारत एका क्षणात उभी राहिली आणि मग भार आला. बांधकामाच्या क्रमाने विश्लेषण केलं नसेल, तर त्या रंगीत चित्रांवर मी तरी सही करत नाही.

राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या अखंड जाड पायाच्या, वेळी आमची माणसं साइटवर मुक्कामालाच असतात. तीन मीटर जाडीचा राफ्ट ओतला की सिमेंटच्या रासायनिक क्रियेने आत उष्णता कोंडते. आतलं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात साधारण २० अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही. त्यासाठी सिमेंटचा मोठा वाटा काढून फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग (कोळशाची राख किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालतो, पाण्यात बर्फ टाकतो, तापमान मोजायला आत थर्मोकपल पुरतो. नव्या साइट इंजिनिअरला वाटतं की तापलेल्या काँक्रीटवर गार पाणी मारावं. उलट ते झाकून ठेवावं लागतं. वरचा थर झपाट्याने निवला की तडे गेलेच.

ट्रान्सफर फ्लोअर मला आवडत नाही. खाली पार्किंगला कॉलमचं एक ग्रिड (मांडणी) आणि वर फ्लॅटना दुसरं, म्हणून शेकडो टनांचे कॉलम मधेच गर्डरवर तोलायचे. करता येतं, केलंही आहे. पण दोन आठवडे आधी एकत्र बसलो असतो तर गर्डर लागलाच नसता, असं जवळपास दरवेळी निघतं. म्हणून हल्ली आम्ही प्लॅन पक्का व्हायच्या आतच बैठकीत शिरतो, बोलावलं नाही तरी. पीअर रिव्ह्यूचंही तसंच. पूर्वी तिऱ्हाइताने आपलं डिझाइन तपासायचं म्हणजे अपमान वाटायचा. आता रिव्ह्यू मागणारा मालक भेटला की बरं वाटतं, कारण तो वाऱ्याच्या अहवालाचे पैसेही कुरकुर न करता देतो.

गेल्या काही कामांपासून आम्ही पूर्ण झालेल्या टॉवरच्या माथ्यावर डुलणं मोजणारे अ‍ॅक्सेलरोमीटर बसवतो. इमारत आमच्या मॉडेलपेक्षा सहसा ताठ निघते, कारण ज्या विटांच्या भिंती आम्ही हिशेबात धरत नाही त्याही मदत करतात. डॅम्पिंगची, म्हणजे इमारतीच्या स्वतःहून डुलणं शमवण्याच्या क्षमतेची, गोष्ट उलटी. आम्ही दोन टक्के धरायचो, प्रत्यक्षात उंच इमारतींत ते एक टक्क्याच्या आसपास मिळतं. वरच्या मजल्यावर माणसाला डुलणं जाणवेल की नाही, हे याच आकड्यावर ठरतं. हातात आहे त्या टॉवरचं विश्लेषण आम्ही त्यामुळे एक टक्क्यावर पुन्हा चालवलं, आणि माथ्यावर डॅम्परसाठी (डुलणं शमवणाऱ्या यंत्रणेसाठी) दोन मजल्यांची जागा मागितली आहे. मालकाला तिथे पेंटहाऊस हवं आहे. बोलणी चालू आहेत.