अंगारकीची भरती

अलिबागच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन. तिच्या सहा तास अलीकडे, सकाळी नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण शुद्ध पक्ष असो की वद्य, महिना कुठलाही असो, चतुर्थीचा हिशोब बदलत नाही. हे मला बाबांनी शिकवलं. ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायला जायचे.

मी पर्यटकांना कुलाबा किल्ला दाखवते, आणि त्यासोबत आक्षी, नागाव, रेवदंड्यापर्यंतचा किनारा. किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात, तेव्हा चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. भरती चढली की होडी. या दोन्हींच्या मध्ये एक वेळ अशी असते की पाणी चालायला जास्त आणि होडीला कमी. होडीचा तळ खडकाला लागतो. या मधल्या वेळेची गोष्ट पाहुण्यांना आधी सांगितली तरी पटत नाही, डोळ्यांनी पाहिली की पटते.

थंडीतली अंगारकी होती. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, गणेश पंचायतन. अंगारकीला तिथे गर्दी असते, आणि चतुर्थीची सकाळची ओहोटी नेमकी दर्शनाच्या वेळेला येते, त्यामुळे बहुतेक लोक चालतच जातात. माझ्याबरोबर सांगलीकडचं एक कुटुंब होतं: आजी, त्यांचा मुलगा, सून, आणि बारा-तेरा वर्षांचा नातू. आम्ही साडेआठला किनारा सोडला. मी निघतानाच सांगितलं, दहाच्या आत परत पाण्याबाहेर यायचं.

जाताना सगळं छान झालं. पायाखाली ओली, घट्ट, काळसर वाळू, मध्ये शेवाळाचे खडक, कुठे घोट्याएवढं पाणी. आजी काठी टेकत, पण उत्साहाने चालत होत्या. महादरवाजाच्या कोरीवकामापाशी, मोर आणि हत्ती बघत त्या बराच वेळ थांबल्या. दर्शन झालं. आणि पावणेदहाला, देवळाच्या पायरीवरून उठताना, त्यांना घेरी आली.

अंगारकीचा निर्जळी उपवास, त्यात सकाळी रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेतलेली, त्यात ऊन आणि चाल. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, उलटी झाली. आम्ही त्यांना सावलीत आडवं केलं, पाय वर उचलून धरले. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शुद्ध आहे का, बोलताहेत का, छातीत दुखतंय का, हात-पाय नीट हलतात का, सगळं विचारलं आणि म्हणाले, घाई करू नका, झोपूनच ठेवा, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी द्या, छातीत दुखलं तर लगेच कळवा. सुनेने उपवासाचं सैंधव पर्समध्ये ठेवलं होतं, तेच कामाला आलं. आजी पाणी घ्यायला तयार नव्हत्या. उपवास मोडेल म्हणाल्या. देवळातल्या पुजाऱ्यांनी शेजारी बसून समजावलं, की आजारपणात पाणी घेतल्याने उपवास मोडत नाही. तेव्हा घेतलं.

या सगळ्यात दहा वाजून गेले. शेवटची घोडागाडी त्याआधीच पाण्यात उतरली होती. तेव्हा आजींना मानही वर करवत नव्हती, त्या हेलकाव्यात त्यांना बसवणं शक्यच नव्हतं. सव्वादहाला दादांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, तटावर जाऊन पाणी बघितलं आणि धावत खाली आले. "ताई, गुडघ्याएवढंच आहे. मी आईला पाठीवर घेतो. आत्ता निघालो तर पोहोचू."

मी नाही म्हणाले.

ते चिडले. त्यांच्या जागी कोणीही चिडलं असतं. आई आजारी, समोर किनारा दिसतोय, तिथे रिक्षा उभ्या दिसताहेत, दवाखाना त्याच्या पलीकडे. आणि एक अनोळखी बाई सांगते की इथेच बसा. आवाज चढला. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनीही त्यांचीच बाजू घेतली.

मी त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहिते, कारण हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. चतुर्थीला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर पुरता उतरलेला नसतो. पाणी साडेतीन-चार मीटर चढतं. म्हणजे नऊ ते दहा जेमतेम फूटभर, दहा ते अकरा त्याच्या दुप्पट, आणि अकरानंतर तासाला जवळजवळ मीटरभर. सव्वादहाला दिसणारं गुडघ्याएवढं पाणी हे सव्वादहाचं. पाठीवर माणूस घेऊन, शेवाळावरून पाय जपत निम्म्या वाटेवर पोहोचेपर्यंत पावणेअकरा वाजणार, आणि तिथे खोलगट भाग. शिवाय किल्ला बेट असल्यामुळे पाणी फक्त समोरून येत नाही. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून, दोन्ही बाजूंनी येऊन वाटेवर मिळतं. ओढ आडवी लागते. पाय घसरला तर दोघं जाणार.

दादा गप्प झाले, पण त्यांना पटलं नव्हतं. मी त्यांना तटावर घेऊन गेले आणि वाटेतला एक खडक दाखवला. म्हटलं, हा बघत राहा. पंधरा मिनिटांत तो गेला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या शेजारचा, त्याहून उंच, तोही गेला. मग ते खाली आईजवळ जाऊन बसले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी होडीवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, खडकांवर पुरेसं पानी चढलं की लगेच निघतो, एक-सव्वाएक होईल.

अकराच्या सुमाराला आजींना बरं वाटू लागलं. राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, बोलायला लागल्या. डॉक्टरांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले ठीक आहे, किनाऱ्यावर आल्यावर तपासायला आणा. नातवाला एका जागी बसवेना. मी त्याला घेऊन तटावर गेले.

एरवी पाहुणे भरतीच्या धाकाने किल्ला घाईत बघतात आणि फोटो काढून निघतात. भरतीतला कुलाबा फार थोडे लोक बघतात, आणि खरा कुलाबा तोच आहे. १६८० च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांनी इथे बांधकाम सुरू करवलं, पुढच्याच महिन्यात महाराज गेले, आणि संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. तटाचे मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. मी मुलाला खाली वाकून बघायला सांगितलं. लाट आली, दगडांच्या फटींतून आत शिरली, आतल्या आत फुटली आणि पुन्हा फटींतूनच झिरपत बाहेर आली. चुन्याने लिंपलेल्या सपाट भिंतीवर तीच लाट पूर्ण जोराने आदळली असती. हे मी किती वेळा सांगितलं असेल, पण ओहोटीला सांगताना ते ऐकीव वाटतं. त्या दिवशी ते मूल अर्धा तास पोटावर झोपून फक्त लाटा बघत होतं.

उत्तरेच्या तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्याजवळ फोटो काढतात आणि त्या आंग्र्यांच्या समजतात. तोफेवर लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर असं कोरलेलं आहे आणि साल १८४९. कुलाब्याचं आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केलं. म्हणजे कान्होजींचा या तोफांशी काही संबंध नाही. मुलाचा चेहरा पडला. मग मी त्याला १७२१ चा डिसेंबर सांगितला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले होते. इंग्रजांचं आरमार कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय जातीने हजर. तरी कुलाबा पडला नाही. बाजीराव फौज घेऊन आले आणि पोर्तुगीजांनी तह केला. आम्ही उभे होतो तिथून समोर अलिबागचा सगळा किनारा दिसत होता, आणि मध्ये आता नुसतं पाणी. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनापण भरतीची वेळ बघावी लागली असणार." मी म्हटलं, ज्याला हा किल्ला घ्यायचा त्याला बघावीच लागणार.

वायव्येला धुरकट अशी खांदेरी दिसत होती. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. कुलाबा नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. पण वारसा जपायला यादीत नाव असण्याची वाट बघायला नको. तटाच्या फटींतली झाडं वेळेवर काढली, चिऱ्यांवर नावं कोरणाऱ्याला तिथेच अडवलं, आणि किनाऱ्यावर रोजची भरती-ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरांत लावली, तरी खूप होईल.

आजी आता उठून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, चंद्रोदय किती वाजता? नऊच्या आसपास, मी म्हटलं, आणि तेव्हा पुन्हा ओहोटी असेल. त्यांना आश्चर्य वाटलं. आमच्याकडे चंद्र डोक्यावर असतो किंवा बरोबर पायाखाली असतो, तेव्हा भरती. उगवताना आणि मावळताना ओहोटी. संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या सुमाराला उगवतो, म्हणून ओहोटीही तेव्हाच. तिथीला पाऊणने गुणायचं गणित त्यातूनच आलं आहे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. आजी म्हणाल्या, आयुष्यभर संकष्टी केली, चंद्राची वाट बघितली, पण समुद्रही त्याचीच वाट बघतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

सव्वाएकला होडी आली. महादरवाजाजवळ काकांनी ती दोराने धरून ठेवली, दादांनी आईला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं. सकाळी ज्या वाटेने आम्ही चालत आलो होतो तिच्यावरून होडी जात होती. दादांनी काठी खाली सोडून बघितली. ती तळाला लागली नाही. ते माझ्याकडे वळून काही बोलले नाहीत, फक्त हात जोडले. मलाही काही बोलवलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं, गोळीची वेळ बदलून दिली, आणि विश्रांती घ्या म्हणाले. रेवदंडा आणि कोर्लईचा बेत रद्द केला. उन्हं उतरल्यावर आजींनीच हट्ट धरला म्हणून आक्षीला नेलं. तिथे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाता येतं, चढ-उतार नाही. ओल्या वाळूवर कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. आक्षीचा शिलालेखही दाखवला, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. नातवाने त्यातली अक्षरं लावायचा प्रयत्न केला, आजींनी गाडीत बसूनच बघितला.

त्या अंगारकीपासून मी चतुर्थीच्या पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करते: उपवास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, वय काय. ज्यांचा कडक उपवास आहे किंवा ज्यांचं वय झालं आहे, त्यांना सकाळी चालत नेत नाही. त्यांना फराळ करून, पोटभर पाणी पिऊन, दुपारी दीडच्या होडीने नेते. पुजाऱ्यांना तसं सांगून ठेवलं आहे.