पंपाचा मीटर आणि एका अंशाची भानगड

गुहागरला आमच्या आगरात विहीर सामाईक, पंप सामाईक, बिल मात्र तीन घरांत वाटायचं. पोफळींना कोणी किती वेळ शिंपलं यावरून दर उन्हाळ्यात कुरबूर. म्हणून प्रत्येकाच्या पाळीचे युनिट वेगळे दाखवणारा सबमीटर मी करायला घेतला. (वीज कंपनीच्या मीटरला हात लावायचा नाही, हा त्याच्या पुढचा, घरातल्या घरात हिशेब.) धाकट्या काकांची पहिली शंका, "पळणार नाही ना रे तो?"

त्यांच्यासाठी लाल एलईडी ठेवलाय. ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट, म्हणजे पंप ११२५ वॅट ओढत असेल तर सेकंदाला एकदा. काका मोबाईलचं घड्याळ लावून मोजतात.

असलं काही बनवणारी पोरं आधी विचारतात, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) किती बिटचा, म्हणजे किती बारीक मोजतो? मी म्हणतो, आधी फेज बघा, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या लाटा एकमेकींच्या किती अंश मागेपुढे आहेत ते. पंपाचा पॉवर फॅक्टर (व्होल्टेज गुणिले करंटमधला खरा कामाचा हिस्सा) ०.७ धरला तर करंट व्होल्टेजच्या ४५ अंश मागे असतो. तिथे मोजणीत आणखी १ अंश इकडेतिकडे झाला की युनिटमध्ये पावणेदोन टक्के चूक. क्लास १ (अचूकतेचा दर्जा) मीटरला मुभाच १ टक्क्याची! आणि गंमत अशी, की इस्त्री लावून तपासलंत तर ही चूक दिसतच नाही, कारण तिथे करंट व्होल्टेजच्या बरोबरीनेच चालतो.

५० हर्ट्झला १ अंश म्हणजे साधारण ५५ मायक्रोसेकंद. आर्डुइनो ऊनो या छोट्या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एका वाचनालाच शंभरावर मायक्रोसेकंद लागतात, आणि तो आधी व्होल्टेज वाचतो, मग करंट. दोन अंश तिथेच गेले. वर सीटीची (वायरभोवती बसून करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) स्वतःची फेजची चूक आहेच. म्हणून वीज मोजणारी एडीई७९५३ चिप घेतली: दोन्हींना स्वतंत्र, सिग्मा-डेल्टा जातीचा एडीसी, नमुने एकाच वेळी, फेजची दुरुस्ती चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडा लिहायच्या कप्प्यात). मायक्रोकंट्रोलरने फक्त पाळी कोणाची ते बघायचं आणि वीज गेली तर आकडा जपायचा. सीटीऐवजी शंट (वायरमध्येच बसवायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) स्वस्त पडला असता, पण मग अख्खा बोर्ड जिवंत फेज वायरवर बसतो. ओल्या हातांच्या आगरात नको ते. सीटी लावूनही बोर्ड न्यूट्रलला जोडलेला असतोच, म्हणून बटणं ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू विजेने अलग ठेवणारा भाग) पलीकडे.

खरा शत्रू खारं वारं. २३० व्होल्ट चिपला झेपावेत म्हणून १० लाख ओहमच्या रेझिस्टरांतून अर्ध्या व्होल्टाच्या आत आणायचे असतात. पावसाळ्यात बोर्डावर मिठाचा ओलसर थर धरतो. त्याचा रोध १० कोटी ओहम असला, तरी १० लाखांना समांतर आला की व्होल्टेज १ टक्क्याने फुगून दिसतं. पुण्याच्या कोरड्या हवेत कॅलिब्रेट केलेला मीटर इथे पळू शकतो तो असा.

तेव्हा एका रेझिस्टरऐवजी चारांची लांब साखळी करा, म्हणजे गळतीची वाट लांब पडते. सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, बोर्ड नीट वाळवा, मगच ओल अडवणारं कोटिंग मारा. ओल आत राहून वर कोटिंग बसलं तर न मारलेलं परवडलं. आणि मारताना टर्मिनल टेपने झाका, नाहीतर स्क्रूखाली वायर नीट टेकत नाही.