पासवर्ड बदलल्यानंतरचे तीन आठवडे

२०२५च्या दिवाळीनंतर माझ्या जीमेलवर एक ई-मेल आली. मेलबॉक्समधील जागा संपत आली असून चोवीस तासांत खात्री न केल्यास नवीन मेल येणे बंद होईल, असे तीत लिहिले होते. माझी १५ जीबीची मोफत जागा खरोखरच भरत आली होती आणि कोथरूडमधील आमच्या सोसायटीची सचिव या नात्याने माझा सगळा पत्रव्यवहार त्याच खात्यावरून चालत असल्याने मला ती सूचना खरी वाटली. मी लिंक उघडली, समोर आलेल्या ओळखीच्या पानावर पासवर्ड टाकला आणि पुन्हा देखभाल शुल्काच्या पावत्यांकडे वळले.

त्या पानाचा पत्ता मी नंतर ब्राउझरच्या इतिहासात जाऊन नीट वाचला. सुरुवातीला गूगलचे नाव होते, परंतु संकेतस्थळ कोणाचे आहे हे सुरुवातीवरून ठरत नाही. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा लागतो. तिथे 'डॉट कॉम'च्या लगेच आधी जे नाव असते, त्या नावाने ते संकेतस्थळ नोंदलेले असते. माझ्या बाबतीत तिथे अर्थहीन अक्षरे होती. कुलपाचे चिन्ह मात्र व्यवस्थित दिसत होते, कारण ते चिन्ह आपला संपर्क मधल्या कोणाला वाचता येणार नाही एवढेच सांगते. पलीकडे कोण बसले आहे, याची हमी ते देत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव पेठेतून माझ्या मामेसासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, पैसे मिळाले ना? आता बरं आहे का?" असे त्यांनी विचारले. मी दवाखान्यात दाखल आहे, बोलता येत नाही, पंधरा हजार रुपये या यूपीआय आयडीवर पाठवा, अशी मेल माझ्याच खात्यावरून त्यांना गेली होती. वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी क्षणाचाही विचार न करता पैसे पाठवले होते, आणि ते त्यांनी माझ्या काळजीपोटी केले होते, ही गोष्ट मला अजूनही बोचते.

मी रिक्षाने त्यांच्या घरी गेले आणि पैसे त्यांच्या खात्यातून गेले असल्यामुळे त्यांच्याच फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे कुठे गेले ते विचारले गेले. हे सारे कागदावर आधीच उतरवून घेतल्याने बोलणे लवकर आटोपले. पुढची तक्रार सरकारी सायबर गुन्हे पोर्टलवर भरली आणि त्यांच्या बँकेलाही कळवले. पंधरा हजारांपैकी नऊ हजार रुपये समोरच्या खात्यात रोखले गेले, सहा हजार त्याआधीच पुढे गेले होते. रोखलेली रक्कम अजून परत मिळायची आहे. फोन लगेच केला नसता तर ते नऊ हजारही राहिले नसते, असे मला वाटते.

त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला, इतर सर्व उपकरणांवरून साइन आउट केले आणि प्रकरण मिटले असे समजले. दहा-बारा दिवसांनी लक्षात आले की बँकेचे मासिक विवरण आलेले नाही. आमच्या शेजारची मुलगी हिंजवडीत संगणक अभियंता आहे. रविवारी तिला बोलावले. तिने जीमेल फोनवर न पाहता संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडले, कारण फिल्टरांची, म्हणजे आलेल्या मेलचे आपोआप काय करायचे या नियमांची, यादी फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही. सेटिंग्जमध्ये गेल्यावर तिथे मी कधीही न बनवलेला एक फिल्टर होता. ज्या मेलमध्ये बँक किंवा ओटीपी हे शब्द असतील, ती एका अनोळखी पत्त्यावर पाठवावी आणि माझ्याकडील प्रत कचरापेटीत टाकावी, असा तो नियम होता. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर जागचा हलत नाही. खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या क्रमांकांतही एक परका मोबाइल क्रमांक होता. चोर घराबाहेर गेला होता, पण मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडेच होती. म्हणून ज्याच्या खात्यात कोणी शिरले असेल, त्याने पासवर्डइतक्याच तातडीने फिल्टर, फॉरवर्डिंग, पुनर्प्राप्तीचे क्रमांक आणि खात्याला जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स तपासावीत, हे मी आग्रहाने सांगते.

त्यानंतर आम्ही दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू केली आणि ती एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर ठेवली. फोन हरवला तर वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात, त्यांतील प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवले आहेत. वीजबिल, विमा, रेल्वे तिकीट या सगळ्यांना माझा एकच पासवर्ड होता, तो प्रत्येक ठिकाणी वेगळा केला. जीमेलसाठी घरातला जुना शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडला आणि बोट पडेल ते शब्द रोमन लिपीत जोडले. अभंगाची किंवा श्लोकाची ओळ घेऊ नये, कारण जी ओळ आपल्याला पाठ आहे ती इतरांनाही पाठ असते. बाकीचे पासवर्ड मी वहीत लिहिते. घरच्या कपाटातील वहीपेक्षा सगळीकडे चालणारा एकच पासवर्ड कितीतरी धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकाचे काम त्या मानाने थोडक्यात झाले. आमच्याकडे विंडोज १० होते आणि त्याच्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या होत्या. यंत्र जुने असल्याने विंडोज ११ बसत नव्हते. तूर्त वाढीव अपडेट सेवेसाठी नोंदणी केली आणि नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली. फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय केली, कारण विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते आणि पावती म्हणून आलेल्या पीडीएफच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' असेल, म्हणजे ती कागद नसून उघडताच चालू होणारा प्रोग्राम असेल, तर ते एरवी कळत नाही.

खरा जड भाग मेलबॉक्स उपसण्याचा होता. पाठवलेल्या मेलमध्ये अकरा वर्षांची सोसायटी साठलेली होती: सभासदत्वाचे अर्ज, भाडेकरूंचे करार, पॅनकार्डे आणि आधारकार्डांच्या प्रती. शिवाय प्रत्येक सूचना मी सगळ्यांचे पत्ते उघड ठेवून पाठवत असे, त्यामुळे चोराला आयती यादी मिळाली होती. आवश्यक कागद बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवली. बाकीचे खात्यातून कायमचे काढले. आता सूचना बीसीसीमध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसता, जातात आणि सभासदांकडून मी पहिले आठ अंक झाकलेले आधारच स्वीकारते.

परंतु ज्या प्रती परक्या हाती लागल्या असण्याची शक्यता होती, त्या माझ्या नव्हत्या. ज्यांच्या होत्या त्यांना हे सांगणे माझे कर्तव्य होते, आणि त्याच खात्यावरून मेल पाठवली असती तर तिच्यावर कोणी विश्वास तरी का ठेवावा? म्हणून काय घडले, कोणते कागद त्यात होते आणि आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक कसे करावे, हे एका पानावर छापून घेतले. दोन संध्याकाळी जिने चढून प्रत्येक दारावर गेले, पान हातात दिले आणि प्रत्येकाची पोच घेतली.